सेतुराव काकांची मेजवानी

सेतुराव काकांना कोणी चहा ओतून दिला की ते दोन बोटं वाकवून टेबलावर हलकेच टकटक करायचे. चेन्नईच्या गिंडी भागातल्या आमच्या लहानशा कारखान्यात मी साताऱ्याहून नवीनच आले होते. मला वाटलं, चहा नको म्हणतायत. "आभार मानायची रीत ती," ते म्हणाले. "कँटनांत शिकलों."

काका तंजावरकडचे. त्यांची मराठी माझ्या आजीच्या मराठीपेक्षाही जुनी वाटायची आणि तिला तमिळ हेल होता. तरुणपणी मशिनं खरेदी करायला कंपनीनं त्यांना चीनला धाडलं होतं. आयुष्यातला तो एकच परदेश. दुपारी डब्यातला दहीभात कालवत ते आम्हाला नुसत्या शब्दांनी तिथलं दिमसम खाऊ घालायचे. "मोदकच म्हण, पोरी. पण पारी इतकी पातळ, आंतली कोळंबी गुलाबी दिसायची. बायका गाडी ढकलत यायच्या, टोपलीचें झांकण उघडलें की वाफ तोंडावर." बोलताना ते डोळे मिटून घेत.

मग चेन्नईत तसलं हॉटेल निघालं. काकांनी कारखान्यातल्या आम्हा चौघांना आग्रहानं बोलावलं. त्यांच्या पत्नी रुक्मिणीकाकू ठेवणीतली कांजीवरम नेसून आल्या होत्या.

"गाडी कुठें आहे, पा?" काकांनी तमिळमध्ये वेटरला विचारलं.

"कसली गाडी, अंकल? मेन्यूत बघा," म्हणून तो फोनवर बोलत निघून गेला.

चहा तीनदा मागावा लागला. टोपल्या आल्या त्या वाफेशिवाय. पारी जाड, खालच्या कागदाला चिकटून फाटलेली. कोळंबी आत गार आणि वास मारणारी. काकांनी वेटरला दाखवलं. "असंच असतं ते. तुम्ही पहिल्यांदाच खाताय का?" तो म्हणाला. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघू लागले.

काकांचे कान लाल झाले. आम्ही मान खाली घालून खात राहिलो. "छान आहे की," मी म्हणाले. बाकीच्यांनीही री ओढली. रुक्मिणीकाकूंनी मात्र तोंडातला घास हळूच कागदात काढून ठेवला, आणि काकांनी ते पाहिलं.

"हें तें नव्हें," ते पुटपुटले.

बाहेर फुटपाथवर त्यांनी एकेकापुढे हात जोडले. "माझ्या शब्दावर आलांत. लाजविलें मी तुम्हांस."

"नाही हो काका, खरंच आवडलं," आम्ही म्हणत राहिलो. प्रत्येक वेळी ते समजुतीनं हसत आणि त्यांची मान आणखी खाली जाई.

त्यानंतर जेवताना काका चीनचं नावही काढेनात. कोणी विषय काढला तर डबा आवरून उठत. रुक्मिणीकाकू एकदा मला म्हणाल्या, "घरींही सांगत नाहींत. विचारलें तर विसरलों म्हणतात."

पुण्याला नोकरी मिळाली तेव्हा निरोप घ्यायला मी त्यांच्या टेबलापाशी गेले. मुद्दामच म्हणाले, "काका, जाण्याआधी एकदा ती कोळंबीची गोष्ट सांगा ना."

"सांगायला बसलों की तोंडांत ती हॉटेलांतली गार कोळंबीच येते," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "पोरी, तिकडलें खरेंच बरें होतें."

"मला माहीत आहे, काका. माझा विश्वास आहे."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि समजुतीनं हसले. त्या फुटपाथवर आम्ही "खरंच आवडलं" म्हणत होतो, तेव्हाही ते असेच हसले होते.