मीठ घेते हां

शेवटचं काय केलं आम्ही नवराबायकोनं, तर दुपारी जेवलो. बाजरीची भाकरी, मेथीची भाजी. भाजी अळणी झाली होती. उठायच्या आधी ती म्हणाली, "मीठ घेते हां." मी मान हलवली. मग तिनं माझ्या डोक्यावरच्या फळीकडं हात नेला आणि बरणी काढली.

"चिमूटभरच टाका. डाक्टरनं सांगितलंय," म्हणाली, आणि स्वतःच्या भाजीत चांगली मूठभर टाकली.

"तुला डाक्टर न्हाय व्हय?"

"माझा डाक्टर येगळा हाय."

जेवून ती सोप्यात खाटेवर पडली. कालव्याला पाणी सुटलं होतं. उसाचा पाला सळसळायचा, मधेच थांबायचा. मलाही डुलकी लागली. पार भवानीनगरच्या कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा जागा झालो आणि चहाला हाक मारली. ती उठली नाही.

"मीठ घेते हां" हे तिनं लग्नाच्या चौथ्या दिवसापासून म्हटलं. का म्हणते, हे आमच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. पोरालाही नाही.

माझा बाप गुऱ्हाळावर गूळ करायचा. काहिलीतला पाक कधी उतरवायचा, ते त्याला नुसत्या वासावरून कळायचं. लांबलांबनं लोक बोलवायला यायचे. त्याच्या अंगाला गोड वास यायचा आणि तो वास दारात आला की मी ताटावरनं उठायला बघायचो. खाणाऱ्या जनावरालाही मारू नये म्हणतात. बाप नेमका ताटावर मारायचा. हाताला लागंल त्यानं. म्हणून तो यायच्या आत मी भाकरी गिळायचो, कान दाराकडं लावून. चावायची माहितीच नव्हती. आई चुलीतल्या जाळाकडं बघत राहायची. तिलाही मार होताच.

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी ही मीठ घ्यायला उठली. तिचा हात वर गेला आणि माझे दोन्ही हात आपोआप डोक्यावर आले. पंचविशीतला गडी मी, उसाच्या मोळ्या उचलून गाडीत टाकणारा, आणि त्या काडीएवढ्या पोरीपुढं डोकं झाकून बसलो. वाटलं, आता ही माहेरी जाऊन सांगणार. तिनं मीठ घेतलं आणि खाली बसून जेवली. दुसऱ्या दिवशी उठायच्या आधीच म्हणाली, "मीठ घेते हां."

फळी खाली का घेतली नाही? मीच घेऊ दिली नाही. खाली घेतली असती तर कबूल केल्यासारखं झालं असतं.

पुढं पोट जळायला लागलं. रात्री दात खायचो. रक्ताची उलटी झाली तेव्हा बारामतीला नेलं. तिथली डॉक्टरीण तरुण होती. पोट तपासून झाल्यावर तिनं विचारलं, "बाबा, लहानपणी घरी कसं होतं?"

मी म्हणालो, "बाप मरून जमाना झाला. त्याचा पोटाशी काय संबंध?"

"माणूस विसरतो, अंग विसरत नाही," ती म्हणाली. "पोर रोज भ्यालं की मोठेपणीही त्याचं अंग भीतच राहतं. पोट, रक्तदाब, झोप, सगळ्यावर येतं. गोळ्या देते, त्या घ्यायच्याच. पण सावकाश जेवा. आणि हे कुणाला तरी सांगा."

"हिला ठाऊक हाय."

"अजून कुणाला?"

"अजून कुणाला कशाला?"

येताना एसटीत ही म्हणाली, "पोराला सांगा." मी खिडकीबाहेर बघत बसलो. त्या पोरालाही मी एकदा ताटावर मारलं होतं. सात वर्षांचा होता. एकदाच, पण मारलं. तेव्हा हिनं मधे येऊन माझं मनगट धरलं होतं. "ह्यो हात तुमचा न्हाय," म्हणाली होती.

बारामतीहून आलो त्या दिवसापासून तिनं मला जेवायला शिकवलं. एक घास खाल्ला की हात ताटाबाहेर ठेवायचा, आणि तिनं एक गोष्ट सांगायची. शेजारणीची कोंबडी कुणाच्या घरात अंडी घालती, डाळिंबाला कळी किती लागली. गोष्ट संपेपर्यंत दुसरा घास नाही. "लवकर आटप, भूक लागलीय," म्हटलं की आणखी लांबवायची. जेवताना ऊन भिंतीवरनं सरकत खाली यायचं. भाकरीला वास असतो, करपलेल्या कडेचा वेगळा असतो, हे मला साठी उलटल्यावर कळलं. पोट निवलं. झोपही लागायला लागली.

दिवस मावळायच्या आत तिला स्मशानात पोहोचवून आलो. सुतकात घरची चूल पेटवत नाहीत, भाऊबंद जेवण आणतात, त्याला कडू घास म्हणतात. माझ्या भावजयीनं वरनं भाकरी वाढायला हात पुढं केला आणि माझे हात डोक्यावर गेले. पन्नासेक माणसं बसलेली.

"रडू द्या, मोकळं व्हऊ द्या," कुणीतरी म्हणालं.

मी रडत नव्हतो. हातांच्या फटीतनं मला समोर बसलेला पोरगा दिसला. पन्नाशीला आलेला माणूस. सगळ्यांच्या आधी त्याचं ताट रिकामं झालं होतं. तोही गिळत होता. इतकी वर्षं शेजारी जेवलो आणि मला दिसलं नाही.

सकाळी शेजारच्यांनी भाकरी आणि पिठलं आणलं. चुलीपाशी मी आणि पोरगा दोघंच बसलो, तो माझ्या जागेवर. फळी आता त्याच्या डोक्यावर होती. पिठलं अळणी नव्हतं. तरी मी म्हणालो, "मीठ घेतो हां," आणि मग उठलो.

त्यानं वर बघितलं. "आबा, आई बी असंच म्हणायची. का वं?"

मी बरणी काढली, खाली ठेवली आणि त्याच्यासमोर बसलो. "हात ताटाभाईर ठेव," म्हणालो. "सांगतो."

आधी त्याला मारलं त्या दिवसाचं सांगितलं. मग माझ्या बापाचं.