स्क्रूवरच्या लाल रेघा

विमानाचं मॉडेल म्हटलं की लोकांना टेबलावरचं खेळणं आठवतं. माझं मॉडेल पडवीच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत येतं. त्याच्या पोटात घासलेटवर चालणारं खरं जेट इंजिन आहे आणि ते रिमोटवर उडतं. निवृत्त झालेल्या विज्ञानाच्या मास्तराला हे काय सुचलं, असं कसालच्या बाजारात मला निदान दहा जणांनी विचारलं असेल. दादाने विचारलं नाही. तो रोज सकाळी चहानंतर यायला लागला.

दादा माझा थोरला भाऊ. पाण्याचे पंप आणि पॉवर टिलर दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं. मग हात थरथरायला लागले आणि त्याने दुकान बंद केलं. विमानाला पोटात मिटणारे चाकांचे तीन पाय असतात, प्रत्येकाला चार स्क्रू. ते काम त्याने माझ्याकडून मागून घेतलं.

एक स्क्रू बसवायला त्याला माझ्या तिप्पट वेळ लागे. मी मुळातच उतावळा, म्हणून दुसरीकडे बघत बसे. स्क्रू घट्ट झाला की तो माझ्या बायकोच्या लाल नेलपॉलिशने स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या लाकडापर्यंत रेघ ओढायचा. ही त्याची दुकानातली सवय. स्क्रू जरासा फिरला तरी रेघ तुटते, मग पाना न लावताच कळतं.

माझं आधीचं छोटं विमान एका ढिल्या स्क्रूपायी पडलं होतं, आणि तो स्क्रू मीच बसवलेला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पायांचं काम संपलं त्या दुपारी, दादा घरी गेल्यावर, मी त्याचे बाराही स्क्रू तपासले. एकही ढिला नव्हता. तरी मी प्रत्येकाला थोडा पीळ दिलाच. रेघा तुटल्या. त्या पुसून मी नव्या ओढल्या.

दुसऱ्या दिवशी दादाने चष्मा लावून विमानाच्या पोटाकडे बराच वेळ पाहिलं.

"ही रेघ माझी नाय," तो म्हणाला. "माझी आता सरळ येणा नाय."

इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. वार्निश सांडलं, पुसावं लागलं, अशी काहीतरी सारवासारव मी केली. त्याने ती ऐकून घेतली आणि निघून गेला. मग आठवडाभर आला नाही. मला स्वतःची लाज वाटत होती. ज्याच्या हातावर आजूबाजूच्या वाड्यांची शेतं भिजली, त्याच्यावर सख्ख्या भावाने विश्वास ठेवला नव्हता, आणि तेही चोरून.

आठव्या दिवशी मी बाराही स्क्रू काढले, डबीत घातले आणि त्याच्या घरी गेलो. "दादा, माझा चुकला," म्हटलं. "हे तूच बसय."

त्याने डबी हातात घेतली. मग म्हणाला, "तुका भ्या वाटला, तर माका सांगूक होया होता. दोघांनी मिळान बघितला असता."

तो पुन्हा आला. एकदा पाना सटकला आणि पोटाच्या नव्याकोऱ्या रंगावर वीतभर ओरखडा उठला. मी पाना उचलून परत त्याच्या हातात दिला. चौथ्या दिवशी बारा रेघा पुऱ्या झाल्या, बाराही वाकड्या.

पहिलं उड्डाण सड्यावर, गावावरच्या कातळाच्या पठारावर, एका मोकळ्या पट्टीवर झालं. विमान उतरून थांबलं तेव्हा दादा माझ्याआधी तिथे पोचला. इंजिन गार होईपर्यंत उभा राहिला, मग गुडघे टेकून खाली बसला आणि एकेका रेघेवरून बोट फिरवलं.

"एकय तुटाक नाय," तो म्हणाला.

गेल्या वर्षी दादा गेला. दर दहा उड्डाणांनंतर पायांचे स्क्रू खोलून पुन्हा बसवायचे असतात. माझं विमान नऊ वेळा उडालं आहे. आता ते पडवीतच असतं. रोज सकाळी चहानंतर मी त्याच्यावरची धूळ पुसतो. पोटाखाली फडकं नेत नाही.