आत्या, तूसुद्धा ‘सकाळी बघू’ म्हणालीस

सकाळी लेकाला, निहारला, नाचणीचं सत्त्व भरवत होते तेव्हा काकांचा, म्हणजे आत्याच्या यजमानांचा, फोन आला. एका हातात चमचा, मोबाईल मान वाकडी करून खांद्यावर धरलेला, आणि काका एकदम हळू आवाजात म्हणाले, “शैला उठत नाहीये गो.” कुणी झोपलंय नि त्याची झोप मोडू नये, तसा आवाज. मी तशीच निघाले, सत्त्वाने बरबटलेलं पोर कडेवर घेऊन. रिक्षात तो माझ्या खांद्याला तोंड पुसत होता आणि मला रडूही येत नव्हतं, कारण डोक्यात एकच चाललेलं की असं कसं, ती तर डॉक्टर आहे.

महिना होऊन गेला. सगळे म्हणतात लिही, मन हलकं होईल. होत नाहीये. मी चिडलेय आणि चिडूनच टाईप करतेय, त्यामुळे ‘देवमाणूस हरपला’ छापाचं काही वाचायचं असेल तर सरळ पान उलटा. तसला बॅनर नाक्यावर लागला होता, हात जोडलेल्या फोटोसकट. आत्याने आयुष्यात असे हात जोडलेले मी पाहिले नाहीत. तो फोटो कुठून आणला देव जाणे.

शैलाआत्या म्हणजे माझ्या बाबांची मोठी बहीण, रत्नागिरीत लहान मुलांची डॉक्टर. गोड वगैरे अजिबात नव्हती. ओरडायची. अर्ध्या गावाने तिची बोलणी खाल्लीयेत, आणि ते लोक आता आपल्या पोरांना घेऊन येतात म्हणजे यायचे… हे ‘यायचे’ अजून जमत नाही मला. मे महिन्यात, अंगाची लाही लाही होत असताना, एक जोडपं तापाने फणफणलेलं बाळ स्वेटर, टोपी, मोजे आणि वर शालीत गुंडाळून घेऊन आलं होतं. आत्या म्हणाली, “काश्मीरला निघालात काय? सोडा त्याला त्यातून आधी.” एकेक थर उतरवत गेली, सुती झबल्यावर आणलं, पंखा लावला, मग तपासलं. हेदवीच्या एक आजी नातवाला चाटवायला घरच्या मधाची बाटली घेऊन आल्या होत्या, कौतुकाने दाखवायला. पोर जेमतेम चार महिन्यांचं. आत्याने बाटली काढून घेतली, टेबलाखाली ठेवली आणि म्हणाली, आजी, हा मध मी खाणार, ह्याचं वर्ष पूर्ण झालं की नवीन घेऊन या, आणि सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय ह्याला काही लागत नाही. आजी फुगल्या. पण नातवाचं वर्ष झाल्यावर आल्या, बाटली घेऊन.

जुलाब झालेल्या पोराला दुकानातले गोड रसाचे खोके पाजणाऱ्यांवर तर तिचा विशेष राग. ते सरबत आहे, त्याने जुलाब वाढतात, क्षार-साखरेच्या पावडरीचं साधं पाकीट घ्या, आख्खं पाकीट आख्ख्या लिटरभर पाण्यात, उकळून गार केलेल्या, आणि चमच्याचमच्याने पाजत राहा, दूध तोडू नका. हे मी इतक्यांदा ऐकलंय की शाळेत कविता पाठ नव्हत्या, हे पाठ होतं.

पण सगळ्यात जास्त भडकायची ती दोन शब्दांवर. सकाळी बघू. मूल पेंगतंय, दूध ओढत नाही, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जातायत, बराच वेळ सू नाही, यातलं एक जरी दिसलं तरी उठायचं आणि निघायचं. घड्याळ बघायचं नाही. एकदा मी विचारलं, एवढी का गं चिडतेस यावर, तर म्हणाली, खूप वर्षांपूर्वी एक मुलगी आणली होती सकाळी. आदल्या संध्याकाळी आणली असती तर आता कॉलेजात असती.

आणि हीच बाई. जायच्या आदल्या दिवशी दुपारपासून छातीत जड वाटतंय, डावा हात भरून आलाय, घाम फुटलाय. काकांनी सांगितलं, चल, सिव्हिलला जाऊन येऊ. तर म्हणे पित्त आहे. औषधाचा घोट घेतला आणि संध्याकाळच्या ओपीडीला जाऊन बसली, कारण बाकावर पोरं बसली होती. घरी आल्यावर काकांनी परत म्हटलं. तर म्हणाली, सकाळी बघू.

मला हे पचतच नाही. तुला कळत नव्हतं? तुला? आमच्या पोरांची नखं निळी दिसली तरी नाक्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्याने ओरडणारी तू, तुला घामाचा अर्थ कळत नव्हता? लोक भेटायला यायचे आणि म्हणायचे, बघा, शेवटपर्यंत रुग्णसेवा केली. मला त्यांना घराबाहेर काढावंसं वाटायचं. याला सेवा म्हणू नका. हा हट्ट आहे, आणि या हट्टाने माझी आत्या गेली.

सुतकाचे दिवस. मी निहारला घेऊन काकांकडेच राहिले होते, माणसांची ये-जा, सारखा चहा. त्यात एका सकाळी निहारला जुलाब सुरू झाले. मी बाहेर कुणाशी तरी बोलत होते, आत आले तर काका त्याला मांडीवर घेऊन वाटीतून काहीतरी पाजतायत. विचारलं काय, तर तेच पाकीट. आख्खं पाकीट, एका वाटीत. म्हणाले, पोर केवढंसं, त्याला लिटरभर पाणी कशाला, म्हणून पाणी कमी घेतलं. मी चव घेतली. खारट जहर. समुद्राचं पाणी बरं.

मी एवढ्या जोरात ओरडले की ओटीवरची माणसं दारात येऊन उभी राहिली. लहान मुलांच्या डॉक्टरच्या घरात, चाळीस वर्षं तिच्यासोबत काढून, एवढं माहीत नाही तुम्हाला? काकांनी वाटी खाली ठेवली. म्हणाले, “तिनं मला कधी सांगितलं नाही गो. आम्हाला मूल नव्हतं… मला कशाला सांगेल?”

मी वाटी मोरीत ओतली, लिटरभर पाणी उकळून गार केलं, नवं पाकीट फोडलं. पण निहार उलटी करायला लागला, चमचाभरही टिकेना. दिवे लावायच्या वेळेला तो माझ्या अंगावर नुसता पडून होता. रडला तरी डोळ्यांत पाणी नाही. लंगोट दुपारपासून कोरडा. मी पिशवी भरायला घेतली तर लांज्याच्या काकू, म्हणजे काकांच्या वहिनी, म्हणाल्या, दृष्ट लागलीय त्याला, एवढी माणसं येतायत घरात. मीठमोहऱ्या उतरवते. सुतकात कुठे नेतेस पोराला दवाखान्यात. आणि मग अगदी प्रेमाने, “आजची रात्र जाऊ दे गो, सकाळी बघू.”

काका भिंतीला टेकून बसले होते. ते उठले. “तिनंपण मला हेच सांगितलं, वहिनी,” ते म्हणाले, “आणि मी ऐकलं.” खुंटीवरची किल्ली घेतली, चपलाही उलट्यासुलट्या घातल्या आणि मला म्हणाले, चल, गाडी काढतो. लांज्याच्या काकूंनी मीठमोहऱ्या तरीही उतरवल्या, गाडीच्या खिडकीतून. उतरवू देत. थांबलो नाही ना.

दवाखान्यात सलाईन लागलं. निहारने पहाटे माझ्या मांडीवर, नव्याकोऱ्या चादरीवर सू केली आणि मी नर्सला मिठी मारली. ती बिचारी घाबरली.

मागच्या आठवड्यात आत्याचा दवाखाना आवरायला काकांबरोबर गेले. आतल्या खोलीत तिच्या खुर्चीसमोर एकच स्टूल आहे. ज्याच्या मांडीवर मूल, तो बसणार आणि त्याच्याशीच ती बोलणार, बाकी आजी, मामा, शेजारी सगळे बाहेर, असा तिचा नियम. मी औषधांचं कपाट रिकामं करत होते. मागे वळून बघते तर काका त्या स्टुलावर बसलेले, मांडी रिकामी, समोर खुर्ची रिकामी. छातीवर हात ठेवून म्हणाले, इथे जळजळतंय जरा, कालपासून. तुला सांगावं म्हटलं.

मी कपाट उघडंच टाकलं. स्कूटरवर मागे बसवून त्यांना नेलं, सगळ्या रस्त्यात एक हात मागे धरून, ते पडतील की काय म्हणून. ईसीजी नीट आला. रक्त तपासलं, तेही नीट. डॉक्टर म्हणाले, पित्त आहे.

परत येताना काका ओशाळून म्हणाले, “पित्तच निघालं गो. उगाच तुला पळवलं.”

हे वाक्य आत्याला रोज कुणीतरी म्हणायचं. पोराचं काहीच निघालं नाही की आईबाप असेच ओशाळायचे, उगाच त्रास दिला डॉक्टर म्हणायचे. जगावर ओरडणारी ती, त्यांच्यावर कधीच ओरडली नाही. खुर्चीतून उठून दारापर्यंत सोडायला जायची आणि म्हणायची, “असंच उगाच येत जा.”

मी स्कूटर कडेला घेतली आणि काकांना तेच म्हटलं. आत्या, तुलापण कुणीतरी म्हणालं असतं ना गं… एकदा उगाच जायचं होतंस.