येशूच्या नावानं सोडलेला बोकड

विहिरीकडं एकट्यानं जायचं नाही हा नियम माझ्या धाकट्या भावासाठी होता, पण घरात तो सगळेच पाळायचे. भावाला झटके यायचे. चालता चालता पोरगं ताठ व्हायचं, डोळे फिरायचे, तोंडाला फेस यायचा. आजूबाजूच्या मळ्यांतली माणसं कांदा नाहीतर चप्पल घेऊन धावत यायची, नाकाला लावायला. मंगरूळपीरच्या अलीकडं आमचा भाजीचा मळा आहे. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. सकाळी माल हर्रासीला, बाजारातल्या लिलावाला, जायचा तेव्हा एक माणूस भावाजवळ थांबवावाच लागायचा, आणि तो माणूस म्हणजे बहुतेक मीच. एक अख्खा पावसाळा माझं नाव शाळेच्या पटावर होतं आणि मी बांधावर.

झटक्यापेक्षा मोठं भय नवसांचं होतं. मायनं भावासाठी कुठं कुठं नवस बोलले होते ते तिलाही नीट आठवत नसे. मंगरूळपीरच्या दर्ग्यात बोलली, गावच्या मरीमायला बोलली, माहेरच्या देवाला बोलली. झटका आला की ती पोराकडं आधी पाहायची नाही. कोणाचं राहून गेलं, कोणत्या देवाचा नवस फेडला नाही, हे आठवत बसायची. मग चौरस्त्यावर उतारा, दारावर लिंबू, आणि एक नवीन नवस. मी देवांना बोल लावत नाही. आमच्या दारात येऊन कोणीच काही मागितलं नव्हतं. मागत होती ती आमची भीती, आणि तिचं पोट कधी भरत नसे.

मी कॉलेजात गेले. आमच्या सगळ्या भावकीत पदवी घेतलेली पहिली मी, आणि हे सांगताना मी मान खाली घालत नाही. शेवटच्या वर्षाला असताना भावाला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले, तिथं एक बाई भेटल्या. त्याच दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, कुणा पेशंटला पाहायला आल्या होत्या. सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणत. त्यांनी मला ओरडून विचारलं की इतकी वर्षं पोराला गोळ्या काहून नाही दिल्या. त्यांनीच डॉक्टरांसमोर नेऊन बसवलं. निघताना म्हणाल्या की दर रविवारी शेलूबाजारला माझ्या घरी येशूची प्रार्थना असते, यायचं तर या, पण गोळी चुकवायची नाही.

माय रविवारी गेली. जीपमध्ये कोंबून, भावाला मांडीवर घेऊन. तिथं अंगणातल्या टिनाच्या शेडमध्ये पंधरावीस माणसं बसत, आपल्या जमावाला मंडळी म्हणत. शिवणकाम करणारी एक विधवा, वीटभट्टीवरचं एक जोडपं, दोन शिक्षक. प्रार्थना घ्यायला वाशीमकडून मोटारसायकलवर एक तरुण पाळक यायचे. मायला त्यांचं बोलणं कळायचं नाही, पण कोणी काही मागत नाही एवढं कळलं, आणि त्यानंच ती घाबरली. घरी येऊन बाबाला म्हणाली, "काहीच न घेणारा देव लई महागात पडते."

गोळ्यांनी झटके थांबले. मायच्या हिशेबात गोळ्या नव्हत्याच. तिनं कोणालाही न सांगता येशूला नवस बोलला होता, तोही साधासुधा नाही, कंदुरीचा. लेकरू बरं राहिलं तर बोकड कापीन, सगळ्यांना जेवू घालीन. आणि एका सकाळी घरात बकरीचं काळं पाठरू आलं. तिनं त्याचा कान कातरला, कपाळाला हळद लावली आणि येशूच्या नावानं सोडून दिलं.

देवाच्या नावानं सोडलेल्या बोकडाला आमच्याकडं कोणी मारत नाही, बांधत नाही, विकत नाही. त्यानं आमची मेथी खाल्ली, शेजाऱ्याचा पालक खाल्ला, आणि लोकांनी हात जोडले. बाबा एकदा वाफ्यात उभा राहून म्हणाला, "तुह्या येशूचं पोट लई मोठं हाये वं. माहा अख्खा सांभार गिळला त्यानं." माय हसली नाही. तिनं देवाची माफी मागितली, बाबाच्या वतीनं.

बोकड अंगानं भरला तशी माय त्याला घेऊन निघाली. जीपवाला दोरीला हात लावेना, तिनंच वर टपावर बांधला. शेडसमोर उतरून तिनं पाळकांना दोरी दाखवली आणि सांगितलं की कंदुरी करायची आहे, सुरी तुम्ही चालवा. पाळक बिचारे घाबरले. आत बसवून त्यांनी समजावलं की असा बळी आता लागत नाही. देवानं स्वतःचा पुत्र दिला, तोच बळी झाला, एकदाच, सगळ्यांसाठी. देवाचा कोकरा तोच.

मायनं एवढंच धरलं. परत येताना जीपमध्ये मला विचारते, "कोकरा म्हणजे मेंढीचाच ना? बोकड चालत नाई तिथं?" आणि दुसऱ्या दिवशी खरंच धनगराच्या वाड्यावर विचारायला गेली, की बोकड घ्या अन् मेंढरू द्या. धनगर म्हणाला, देवाचा बोकड मी हातात घेत नाही बाई.

मी तिला समजावलं. मी शिकलेली होते, पाळकांनी दिलेलं शास्त्र, बायबल, वाचत होते. तारण म्हणजे उद्धार विकत मिळत नाही, ती कृपा आहे, हे मी तिला पाठ केल्यासारखं सांगायचे. ती ऐकायची आणि म्हणायची, "सगळं खरं, पण मी बोलली ना. बोललेलं परत घेता येत नाई."

त्याच आठवड्यात भाऊ विहिरीजवळ पडला.

विहिरीवरची पाण्याची मोटार चालू होती. मी वाफ्यात वांगी तोडत होते. पाण्याचा आवाज वेगळा आला म्हणून वर पाहिलं तर तो काठावर आडवा, एक पाय विहिरीत लोंबकळत, अंग थडथडत होतं. मी कशी धावले मला माहीत नाही. त्याचा सदरा धरला आणि ओढला. माय आली, तिनं पाय धरला. तो कुशीवर होऊन शांत झाला तेव्हा आम्ही दोघी चिखलात बसलो होतो, आणि चार हात अंतरावर बोकड उभा राहून आमच्याकडं पाहत पाला चघळत होता.

माझ्या डोक्यात त्या क्षणी कृपा नव्हती. शास्त्र नव्हतं, पदवी नव्हती. बोकड होता. वाटलं, यानंच ढकललं. मायनं माझं तोंड पाहिलं आणि म्हणाली, "तुलेई तेच वाटून राह्यलं ना?"

मी खोटं बोलू शकले नाही.

नंतर भावानं कबूल केलं की बरं वाटतं म्हणून त्यानं गोळ्या सोडल्या होत्या. मायला सांगितलं. ती म्हणाली, गोळ्या सोडायची बुद्धी त्याले कोणं देली? तिनं पोराला घरातून बाहेर सोडणं बंद केलं. ती जेवेना. विळीची धार पाहत बसायची. येत्या रविवारी पाळकानं नाही कापला तर मी शेडच्या दारात स्वतः कापणार, असं तिनं बाबाला सांगून टाकलं. बाबा मला बाजूला घेऊन म्हणाला की तुझ्या मायला झालं काय ते मला समजत नाही, पण पोरगा गेला तर ती उभी राहणार नाही. तू शिकली, तू पाहा.

रविवारी मी तिच्यासोबत गेले. तिच्या पिशवीत विळी होती. रस्ताभर मला त्या विळीची भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त, तिनं ती चालवली नाही तर काय होईल याची.

शेडच्या दारात माय उभी राहिली. दोरी घट्ट धरलेली. प्रार्थना थांबली. पाळक बाहेर आले, यावेळी त्यांनी समजावलं नाही, नुसते जवळ उभे राहिले. मायनंच विचारलं, की देव होता तर तो मेला कसा? त्यांनी सांगितलं, माणूस झाला म्हणून मरू शकला, आणि देव होता म्हणून त्याचं मरण सगळ्यांना पुरलं.

"माह्या पोराले पुरलं काय?"

"पुरलं."

"मंग ह्या बोकडाचं जे हाये ते कोणावर जाईन? कोणावर तरी जाईनच ना साहेब. असंच हवेत थोडी जाते."

पाळकांनी दोरीकडं पाहिलं. त्यांना तिच्या बोलण्यातलं खरेपण कळलं असावं. तेवढ्यात सिस्टरबाई उठल्या. गुडघ्यांनी अधू बाई, भिंतीला धरून आल्या. त्यांनी मायच्या हातातून दोरी घेतली.

आमच्याकडं देवाच्या बोकडाची दोरी दुसरं कोणी घेत नाही. दोरीसोबत नवसही जातो, आणि नवसासोबत त्याचं भय. धनगरानं घेतली नाही ती याचमुळं. सिस्टरबाई वऱ्हाडातल्याच. त्यांना हे माहीत होतं. घरात त्यांची सून गरोदर होती, तीही दारातून पाहत होती.

"माह्यावर येऊ द्या," त्या म्हणाल्या. "जे यायचं ते."

माय म्हणाली, "नोको बाई. तुमच्या घरात पोटुशी सून हाये."

"हाये ना. म्हणूनच सांगतो. येशूनं माहं घेतलं, मी तुमचं धरतो. मंडळी कायले म्हणतात मंग? टिनाच्या शेडले?"

त्यांनी दोरीचा वेढा हाताला घातला. मी जवळून पाहिलं. त्या न घाबरता बोलत नव्हत्या, घाबरूनही दोरी सोडत नव्हत्या. मग ती शिवणकामवाली विधवा आली आणि तिनंही दोरीला हात लावला. वीटभट्टीवाला आला. शेवटी पाळक. बोकडाला वाटलं चारा मिळतो, तो एकेकाचे हात चाटत सुटला. कोणीतरी हसलं. माय रिकामा हात पुढं धरून तशीच उभी होती.

बोकड तिथंच ठेवून घरी आल्यावर तिची भीती संपली नाही, फक्त जागा बदलली. रोज सकाळी ती मला सिस्टरबाईंना फोन लावायला लावायची. सून कशी आहे, जेवली का, पाय सुजले का. आणि मग एक दिवस फोन सुनेनं उचलला. सिस्टरबाई मोरीत पडल्या, मनगट मोडलं.

"आलं," माय म्हणाली आणि खालीच बसली.

आम्ही तडक शेलूबाजारला गेलो. सिस्टरबाई प्लास्टर घालून खाटेवर बसल्या होत्या, सुनेला भाजीत मीठ जास्त झालं म्हणून बोलत होत्या. माय त्यांच्या पायाशी रडायला लागली, म्हणाली की माझ्यामुळं झालं, बोकड मला परत द्या.

सिस्टरबाईंनी तिला आपला हात नीट पाहू दिला. मग म्हणाल्या, "फरशी ओली होती बाई. देवाले माह्या मनगटाचं काय लोणचं घालायचं हाये?"

"पण काही वाईट झालं तर?"

"होईन. माणसालेच होते. पण ते तुमच्या बोकडाचं नसन. त्याचं सगळं संपलं, कधीच."

माय तिथं चार दिवस राहिली. स्वयंपाक केला, सुनेचे पाय चेपले, सिस्टरबाईंची वेणी घातली. मला वाटतं शिकवणीपेक्षा तिला हेच कळलं, की मोडलेला हात गळ्यात बांधून बसलेल्या बाईच्या तोंडावर, कोणाचं राहून गेलं हा प्रश्न नाही. असं तोंड तिनं आमच्या घरात कधी पाहिलं नव्हतं. माझं तोंडही तसं नव्हतं.

बोकड नाताळला शिजला. कोणाच्या नावानं नाही, मटण म्हणून. मायनं पहिला घास हातात बराच वेळ धरला होता. मग खाल्ला. बाबा आला होता, तो दोनदा वाढून घेऊन म्हणाला, "माह्याच मेथीची चव लागून राह्यली." यावेळी माय हसली.

पुढच्या वर्षी तिनं बाप्तिस्मा घेतला, मीही घेतला. बाबानं घेतला नाही. तो आजही मरीमायला नारळ फोडतो, आणि आमच्यासोबत नाताळला जेवतो. यावरून भावकीत बोलणं होतं, त्याचीही भीती वाटते, नाही असं नाही.

भाऊ आता हर्रासीला एकटा माल नेतो. अजून कधीमधी त्याला झटका येतो. माय त्याला कुशीवर वळवते, तोंड पुसते, शुद्धीवर आला की गोळी विचारते. कोणाचं राहून गेलं, हे ती आठवत बसत नाही. आमच्या घरात आता एकही नवस फेडायचा राहिलेला नाही, आणि नवीन कोणी बोलत नाही.