मी पंख उसवला

"उतर! उतर खाली! कोनं बसोलं तुले तठी?"

अक्का ओरडली तेव्हा मी विमानात बसले होते. विमान म्हणजे एका माणसापुरतं. नंदूभाऊनं आपल्या केळीच्या शेडमध्ये बनवलेलं. नळ्यांचा सांगाडा, जुन्या गाडीचं इंजिन, लाकडाच्या फासळ्यांचे पंख, त्यांच्यावर कापड. त्या दिवशी ते पहिल्यांदा उडणार होतं. शेतात मांडव होता, पाहुणे होते, मोबाइल वर धरलेली माणसं होती. पूजेचं ताट घेऊन अक्का आली आणि तिनं मला सीटवर पाहिलं. अक्का म्हणजे नंदूभाऊची आई.

"पूजा व्हायाची हाये अजून! बाटोलं सारं!"

मी का बसले होते ते सांगते. आम्ही पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया शिवायच्या, हे आमचं काम. गादी शिवून झाली की शिवणारा आधी स्वतः तिच्यावर बसतो. टाके दबतात की निसटतात ते बसल्यावर कळतं. मग ती गिऱ्हाइकाच्या घरी जाते. माझे अब्बा असंच करायचे, मीही असंच करते. विमानाची ती सीट मी भरली होती, मी शिवली होती. म्हणून मी बसले. दुसरं काही मनात नव्हतं. उडायचंसुद्धा नव्हतं.

मी उतरले. उतरताना ओढणी कशात तरी अडकली, फाटली. पाहुण्यांपैकी एक जण म्हणाला, "पिंजारीन हाये ना भाऊ, गादी समजली असंन!"

सगळे हसले. मी नंदूभाऊकडे पाहिलं. तोही हसत होता.

मग अक्कानं तांब्या मागवला आणि मी भरलेल्या सीटवर गोमूत्र शिंपडलं. मी मांडवाच्या खांबामागं उभी होते. कापसात ओल गेली की तो आतून कुजतो. मला त्या वेळी तेवढंच सुचलं. सीट खराब होणार.

घरी येऊन अम्मीला सांगितलं. ती म्हणाली, "जाने दे बेटा. बडे लोग है."

मी चौथीपर्यंत शिकले, पहूरच्या शाळेत. परक्यांशी बोलायची मला सवय नव्हती. गिऱ्हाईक आलं की मी दाराआड उभी राहायची आणि अम्मी बोलायची. नंदूभाऊ पहिल्यांदा आला तेव्हाही असंच झालं. विमानाच्या पंखाला कापड चिकटवून भागत नाही. वर गेल्यावर हवा कापडाला ओढते, ते फासळ्यांवरून सुटू शकतं. म्हणून लांब दाभण वरून खाली घालायचं, फासळीला वळसा देऊन परत वर काढायचं आणि मेण लावलेल्या दोऱ्याची गाठ मारायची. पुन्हा पुढचा टाका. हे सगळं नंदूभाऊनंच मला समजावलं. त्यानं ते मोबाइलवर पाहिलं होतं. त्याला जमत नव्हतं. गादीला आम्ही असेच टाके घालतो, म्हणून तो आमच्या दारात आला.

मी दोन्ही पंख शिवले. उन्हाळाभर. तो फासळ्या बसवायचा, मी शिवायची. कधी कधी तो म्हणायचा, "तुझ्या हाताला काही तोड नाही." मला ते खरं वाटायचं. खोटं का सांगू, मला ते फार गोड वाटायचं.

अक्कानं मला उतरवलं त्या दिवशी विमान उडालं. मी घराच्या दारातून पाहिलं. ते केळीच्या बागांवरून गेलं, वळलं, आणि उन्हात पंख चमकला.  तो पंख माझा होता. मी रडले. रागानं की आनंदानं, मला सांगता येणार नाही.

संध्याकाळी शेजारच्या पोरीनं मोबाइल दाखवला. नंदूभाऊ गळ्यात हार घालून बोलत होता. "सगळं मी माझ्या हातानं केलं. एकट्यानं."

पुढं एकदा उतरताना चाक पाण्याच्या चारीत गेलं. डावा पंख बांधावर घासला. कापड फाटलं, फासळ्या मोडल्या. नंदूभाऊ पुन्हा दारात.

"झालं ते झालं. अक्का जुन्या वळणाची आहे. मनावर घेऊ नको. मोठे साहेब येणार आहेत विमान पाहायला. पंख तेवढा शिवून दे."

मी गेले. का गेले? नाही म्हणता येत नव्हतं. आमच्या घरात ते कुणाला शिकवलंच नव्हतं.

शिवताना एक विचार यायचा. तो लिहून ठेवते, कारण तो आला होता. गाठ मारायची, पण सैल. वरून दिसणार नाही अशी. मग तो वर जाईल. मी कितीदा तरी ती सैल गाठ मारली आणि पुन्हा घट्ट केली. मी भली बाई आहे म्हणून नाही. तो पडून मेला असता तर लोकांनी चौकात त्याचा फोटो लावला असता. अक्कासाठी गाव रडलं असतं. मला ते नको होतं. मला तो जिवंत पाहिजे होता. वर तोंड करून, रिकामं आभाळ बघत बसलेला.

साहेब येणार त्या दिवशी सकाळी थोडे टाके राहिले होते. शेडमध्येच सत्यनारायण होता. नंदूभाऊ अंघोळ करून, सोवळं नेसून पूजेला बसायच्या तयारीत होता. रंग नंतर देऊ म्हणाला, आज असंच उडवतो. मी पंखाजवळ खाली बसून शिवत होते. कुणाचा तरी फोन आला. तो म्हणाला, "हो हो साहेब. एकट्यानं. सगळं एकट्यानं."

तेवढ्यात अक्का आली. मी तिच्यापासून हातभर अंतरावर. माझ्या डोक्यावरून ती लेकाला म्हणाली, "हे गेली की पंखावर गोमूत्र शिंपड. इसरू नको."

तो म्हणाला, "हो अक्का."

हळू नाही बोलले. चोरून नाही. जणू तिथं कुणी नव्हतंच, दाभण आपलं आपण चाललं होतं.

मी शेवटचा टाका घातला. गाठ मारली. आणि माझ्या हातांकडे पाहिलं. शिवत होते तोवर हे हात चालत होते. थांबले की बाटवणार होते.

मग मी ब्लेड घेतलं आणि ती गाठ कापली. तिच्या आधीची कापली. तिच्या आधीची. दोरा खेचून काढला. कापडाला धक्का लावला नाही, ते त्याचं होतं.

नंदूभाऊला आधी वाटलं, काही चुकलं असेल, नीट करते आहे. मी दुसऱ्या फासळीवर गेले तेव्हा तो धावत आला.

"अगं, काय करू राहिली हे?"

"उसवते."

"येडी झाली का? साहेब निघालेत तिकडून! बंद कर!"

त्यानं माझं मनगट धरायला हात पुढं केला. मागून अक्का किंचाळली, "हात नको लावू तिले! पूजेले बसाचं हाये तुले!"

त्याचा हात तसाच हवेत राहिला. भटजी बघत होते. पाहुणे बघत होते. एक जण पुढं झाला, अक्कानं त्यालाही अडवलं, कारण पूजेआधी तिथलं कुणीच बाटायला नको होतं. मला हसू आलं. खरंच आलं. मी एकेक टाका कापत गेले आणि कुणीही मला शिवलं नाही. सबंध डावा पंख उसवून होईपर्यंत नाही. मग दोऱ्याचा गुंडा ओढणीत बांधला आणि सगळ्यांच्या मधून बाहेर आले.

साहेब आले, चहा घेतला, गेले. विमान शेडमध्येच उभं होतं. मी दारात बसून सगळ्या गाड्या परत जाताना पाहिल्या. प्रत्येक गाडी पाहिली.

पुढच्या आठवड्यात नंदूभाऊ आला. या वेळी मी दाराआड गेले नाही. अम्मीला म्हटलं, तू आत बस.

"चूक झाली आमची," तो म्हणाला. "अक्काच्या वतीनं मी माफी मागतो. बोल, काय पाहिजे तुला?"

"जिथं हसलात तिथं मागा. मांडव घाला, त्याच माणसांना बोलवा. पंख कुणी शिवले ते अक्कांच्या तोंडून सांगा."

"तसं कसं जमेल, बाई."

"मग जा."

"दुसऱ्याकडून शिवून घेईन मी. तू एकटीच पिंजारीन आहे का?"

ते खरं होतं. मी एकटी नाही. त्यानंच मला रस्ता दाखवला.

मी जामनेरला गेले, भडगावला गेले. जिथं जिथं आमच्या लोकांची दुकानं आहेत तिथं पुरुषांसमोर उभी राहून बोलले. पहिल्या दुकानात आधी पाणी मागितलं, प्यायले, मग सांगितलं. सीट, तांब्या, हसणं, सगळं. भडगावचा एक म्हातारा म्हणाला, "धंद्यात इतकं मनाला लावून घ्यायचं नसतं." मी म्हटलं, "तुमची मुलगी बसली त्या जागेवर शिंपडलं असतं तर?" तो उठून गेला. पण त्याच्या मुलानं नंदूभाऊला नाही म्हणून कळवलं. जामनेरनंही कळवलं.

काल समजलं, शिंदखेड्याचा एक जण तयार झालाय. पुढच्या जुम्म्यानंतर येऊन शिवणार. मी उद्या सकाळच्या एसटीनं त्याच्याकडे निघते. अम्मी रडतेय, लोक काय म्हणतील म्हणते. मी डबा भरून ठेवला आहे. त्यानं ऐकलं तर बरं. नाही ऐकलं तर तो शिवून गेल्यावर मी पुन्हा शेडवर जाईन, दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर, आणि पुन्हा उसवेन. नंदूभाऊला पोलीस बोलवायचे तर बोलवू दे. तिथंही हेच सांगेन, आणि तिथं ते लिहून घ्यावं लागेल.

मी त्याला उडू देणार नाही.