कोरड्या मातीचे डबे

बिरूमामा रोज सकाळी झाडांची पानं पुसायचे. भूमच्या आमच्या कार्यालयात ते शिपाई. रेकॉर्डच्या खोलीत, तेलाचे डबे कापून, त्यांनी मनीप्लांट, कोरफड आणि उभ्या पट्ट्यांसारख्या पानांचं स्नेक प्लांट लावलं होतं. जुन्या कागदांच्या धुळीनं मला दम लागायचा, म्हणून हा सगळा खटाटोप. पुसून झालं की काळं झालेलं फडकं माझ्यापुढं धरायचे.

"बघा भाऊसाहेब, हे तुमच्या छातीत गेलं असतं."

झाडांनी हवा किती सुधारली, मला सांगता येणार नाही. पण खिडकी उघडल्याशिवाय मामा मला टेबलाशी बसू देत नसत. मेंढरं राखणाऱ्या घरातला माणूस, पाणीही हात राखून घालायचे. दर गुरुवारी, डब्याला एक पेला. मी जास्त घालू गेलो तर म्हणत, "तहान लागू द्या की त्याला. लई लाडानं मुळं सडत्यात." साऱ्या नोकरीत आपल्याला एक मेमो नाही, हे मात्र आल्यागेल्याला सांगत. निवृत्तीला चार महिने उरले होते.

त्या उन्हाळ्यात एका मंगळवारी संध्याकाळी मी कूलरमध्ये पाण्याची नळी सोडली आणि तशीच विसरून घरी गेलो. हे मी कार्यालयात कुणालाच सांगितलं नाही. सकाळी मामांच्या आधी पोचलो, तर खालच्या फळीवरच्या फायली भिजून फुगलेल्या. नळी गुंडाळून कपाटामागं ठेवली. तेवढ्यात मामा आले, मागोमाग साहेब. डब्यांकडं बोट दाखवून त्यांनी विचारलं, पाणी यांचंच ना?

"असेल, साहेब," मी म्हणालो.

मामा माझ्याकडं बघत राहिले. दुपारी त्यांनी मेमोवर सही केली आणि एकेक डबा स्वतःच बाहेर नेला.

ते निवृत्त झाल्यावर वर्षभरानं मी त्यांच्या गावी गेलो. अंगणात तेच डबे. चहा झाल्यावर नळीचं सगळं सांगून टाकलं. त्यांना नवल वाटलं नाही.

"ठाऊक व्हतं. बुधवार व्हता. माती कोरडी ठणठणीत."

मग तेव्हाच का बोलला नाहीत, असं मी विचारलं.

"तुमी बोलताल म्हनून थांबलो व्हतो."

एवढं बोलून ते उठले आणि पानं पुसू लागले. फडकं काळं झालं. या वेळी त्यांनी ते माझ्यापुढं धरलं नाही.