यादोरावच्या पट्टीतली गाणी

करडीच्या जागेश्वरची पेटी ऐकायला आसपासची गावं जमायची, पण माणूस भलताच हेकट. पंधरा वर्षं त्याच्या दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या नाचगाण्याच्या खेळात, मी ढोलकी वाजवली, म्हणून सांगतो.

त्याचा जीव यादोरावात. यादोराव गाणी रचायचा आणि काळी पाचच्या पट्टीत गायचा. एवढ्या वर आमच्यापैकी दुसऱ्या कुणाचा गळा जात नव्हता. दुष्काळात धान हातचं गेलं आणि त्र्याहत्तर साली तो वरठी स्टेशनवर गाडीत बसला, रायपूरकडच्या एका राईस मिलमध्ये हमालीला गेला. तिथून पोस्टकार्डावर गाणी यायची, सगळी गाव सुटल्याची. 'गाडी सुटली वरठीची, मागं राहिली धानबांधी' हे वाचून जागेश्वर पेटीवर डोकं टेकून रडला होता.

प्रत्येक गाण्याला त्यानं चाल लावली, तीही काळी पाचमध्येच. खरं तर गाणाऱ्याचा गळा बघून पट्टी धरायची ही आमची रीत. आम्ही म्हणायचो, "उतरव ना गा थोडी, आमी म्हणतो."

तो उखडायचा. "त्याच्या गाण्याले हात नोका लावू. मंडईले येऊन राहिला थो."

दिवाळीनंतरच्या मंडईत, गावच्या जत्रेत, दंडार उभी राहिली की तो नुसती चाल वाजवायचा. लोक ओरडायचे, "गाणारा कुठं हाय?" मला लाज वाटायची आणि त्याची कीवही यायची. अशा अकरा मंडया गेल्या.

चौऱ्याऐंशीला यादोराव खरंच आला. केस पिकलेले, वाक्यागणिक खोकला. मिलमधल्या कोंड्यानं गळा खाल्ला होता. जागेश्वरनं काही न विचारता काळी पाच धरली. यादोरावचा आवाज फाटला. पुन्हा धरली, पुन्हा तेच.

"कायले येवढी उंच बांधली गा?" यादोरावनं विचारलं.

"तू गेला तवा तुहा गळा येवढाच होता."

मग जागेश्वर एकेक पट्टी खाली उतरला. काळी एकवर यादोराव गायला, घोगरा, कसाबसा. जागेश्वरनं शेवटपर्यंत मान वर केली नाही.

दोन दिवसांनी त्याला वरठीला गाडीत बसवून जागेश्वर थेट माझ्या घरी आला. पेटी उघडून म्हणाला, "म्हण आता थे गाडीचं गाणं. तुह्या पट्टीत."

मी ते गाणं म्हटलं. अकरा वर्षं त्याच्या हट्टाला नावं ठेवली होती मी. त्या दिवशी वाटलं, यानं पेटी बंद करावी आणि मला पुन्हा एकदा शिव्या घालाव्यात.